कृश अंगाच्या प्रौढांसाठी योग्य मापाचे डायपर

2011 च्या जनगणनेनुसार गोव्याच्या लोकसंख्येत साठ वर्षे व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींचे प्रमाण 11.2 टक्के होते. केरळ वगळता देशातील अन्य कोणत्याही राज्यात ते इतके नव्हते. आयुर्मान वाढले ही समाधानाची बाब असली, तरी त्याबरोबर गृहशुश्रूषेचे काही नवे प्रश्नही घराघरांत उभे राहिले आहेत. लघवीवरील अथवा शौचावरील ताबा सुटणे हा त्यांपैकी एक होय. याविषयी उघडपणे बोलण्याचा संकोच असल्यामुळे पुष्कळ कुटुंबे औषधाच्या दुकानातून मिळेल ते डायपर आणून वेळ निभावून नेतात. मध्यम बांध्याच्या व्यक्तीच्या बाबतीत ते बहुधा चालून जाते. ज्यांचे अंग मुळातच लहान आहे अथवा आजाराने वाळले आहे, त्यांच्या बाबतीत मात्र चालत नाही.

अशा व्यक्तींची संख्या थोडी नाही. पस्तीस-चाळीस किलो वजनाच्या वृद्ध स्त्रिया, दीर्घ आजाराने क्षीण झालेले रुग्ण, मेंदूच्या पक्षाघाताने जन्मापासून अपंगत्व आलेले तरुण-तरुणी, मज्जारज्जूला इजा होऊन पायांचे स्नायू झिजलेले लोक, हे सर्व या वर्गात मोडतात. त्यांना लहान मुलांचे डायपर अपुरे पडते आणि प्रौढांचे सैल होते. या दोहोंच्या मध्ये त्यांची कुचंबणा होते.

माप चुकल्यास काय होते

मोठे डायपर अधिक लघवी सामावून घेईल, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. डायपरच्या मध्यभागी लगद्याच्या तंतूंचा थर असतो आणि त्यात सोडियम पॉलिॲक्रिलेट या द्रव्याचे कण मिसळलेले असतात. पाणी धरून ठेवणाऱ्या या जातीच्या द्रव्यांवरील आरंभीचे संशोधन 1960 च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्याने केले. जमिनीत ओलावा टिकवून धरणे हा त्यामागील हेतू होता. शुद्ध पाणी हे कण आपल्या वजनाच्या शेकडो पट शोषतात. लघवीत क्षार असल्यामुळे हे प्रमाण पुष्कळ कमी, साधारणतः तीस ते पन्नास पटींपर्यंत येते. तेही काम होण्यासाठी लघवी प्रथम त्या थरापर्यंत पोहोचली पाहिजे आणि शोषली जाईपर्यंत काही क्षण तेथे थांबली पाहिजे.

येथेच मापाचा प्रश्न येतो. मांडीभोवतीच्या लवचीक कडा अंगाला टेकलेल्या असतील तरच त्या बांधासारखे काम करतात. डायपर सैल असल्यास मांडी आणि कड यांमध्ये फट राहते आणि लघवी थरात मुरण्यापूर्वीच त्या फटीतून बाहेर पडते. परिणामी डायपर अर्धे कोरडे आणि अंथरूण मात्र ओले, असा प्रकार होतो. हे पाहून घरचे लोक त्याहून मोठे डायपर आणतात आणि गळती आणखी वाढते. सैल डायपरच्या चुण्या पाठीखाली आणि मांडीच्या सांध्यात रुततात. अंथरुणाला खिळलेल्या कृश रुग्णाच्या हाडांवर मांसाची गादी नसते, त्यामुळे अशी एक घट्ट चुणीदेखील शय्याव्रणाचे कारण होऊ शकते. चालत्या-फिरत्या व्यक्तीच्या बाबतीत घसरणारे डायपर पायांत अडकून पडण्याचा धोका असतो.

याउलट, फार लहान डायपर ओढूनताणून बांधल्यास कडा त्वचेत रुततात, चिकटपट्ट्या सुटतात आणि शोषक भाग पाठीकडे पुरत नाही.

माप घेण्याची रीत

डायपरचे माप उंचीवरून अथवा वयावरून ठरत नाही. वजनावरून अंदाज येतो, पण निर्णय होत नाही. ठेंगण्या व्यक्तीचे नितंब रुंद असू शकतात, तर उंच माणूसही अत्यंत सडपातळ असू शकतो. म्हणून शिंप्याच्या टेपने प्रत्यक्ष माप घेणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

दोन मापे घ्यावीत. पहिले कंबरेचे, बेंबीच्या किंचित खाली. दुसरे नितंबांचे, जेथे घेर सर्वांत अधिक असेल तेथे. या दोहोंपैकी जे मोठे असेल ते ग्राह्य धरावे. रुग्ण निजलेला असल्यास त्यास एका कुशीवर वळवून टेप अंगाखाली सरकवावा, पुन्हा उताणे करून टेप पुढे आणावा आणि न आवळता माप वाचावे. मांडीच्या मुळाशी असलेला घेरही मोजून ठेवल्यास उपयोग होतो. पाय फार बारीक असलेल्या व्यक्तीस कंबरेला बरोबर बसणारे डायपरसुद्धा मांडीशी सैल पडते.

ही मापे सेंटिमीटरमध्ये कागदावर लिहून ठेवावीत. इंचांत घेतली असल्यास अडीच पट करून थोडे अधिक धरावे. एक इंच म्हणजे 2.54 सेंटिमीटर होत. आजारात अंग उतरते, तसेच बरे होताना भरते. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी माप पुन्हा पाहावे.

अक्षर नव्हे, आकडा पाहावा

वेष्टनावरील एस, एम, एल ही अक्षरे सर्व उत्पादकांची सारखी नसतात. जपानी धर्तीच्या विजारीसारख्या डायपरमध्ये एम हे माप पुष्कळदा 60 ते 85 सेंटिमीटर कंबरेसाठी असते. अमेरिकी मोजपट्टीत मात्र मध्यम म्हणजे साधारणतः 32 ते 44 इंच, अर्थात 81 सेंटिमीटरपासून पुढे, असा प्रघात आहे. ज्या स्त्रीची कंबर 62 आणि नितंबांचा घेर 76 सेंटिमीटर आहे, तिला पहिले एम व्यवस्थित बसेल आणि दुसरे एम गळेल. म्हणून दुकानात ‘मध्यम द्या’ अथवा ‘लहान द्या’ असे न म्हणता वेष्टनावर छापलेला सेंटिमीटरचा पल्ला वाचावा. आपले माप त्या पल्ल्याच्या अगदी खालच्या टोकाशी येत असल्यास, मिळत असेल तर त्याखालचे माप निवडणे श्रेयस्कर.

काही वेष्टनांवर शोषणक्षमता मिलिलिटरमध्ये दिलेली असते. पूर्ण डायपर द्रवात बुडवून, निथळवून ती मोजण्याची प्रयोगशाळेतील पद्धत 1996 च्या आंतरराष्ट्रीय मानकात सांगितली आहे. अंगावर असताना सगळा थर एकाच वेळी भिजत नाही आणि शरीराचा भारही त्यावर पडतो. म्हणून प्रत्यक्षात हा आकडा गाठला जात नाही. दोन डायपरांची तुलना करण्यापुरताच त्याचा उपयोग करावा.

लहान माप न मिळाल्यास

प्रौढांसाठी लहान मापाची डायपर तयार होतात, परंतु मागणी कमी असल्याने लहान गावांतील दुकानदार ती ठेवत नाहीत. अशा वेळी नेहमीच्या औषधविक्रेत्यास माप लिहून द्यावे आणि घाऊक विक्रेत्याकडून मागविण्यास सांगावे. महिन्याची गरज ठरावीक असल्याचे कळल्यास दुकानदार माल आणण्यास तयार होतो. शहरांतील शुश्रूषा-साहित्याची दुकाने आणि घरपोच माल पाठविणाऱ्या ऑनलाइन पेढ्या हाही मार्ग आहे. मात्र प्रथमच घेताना मोठा गठ्ठा न घेता सर्वांत लहान पुडा घ्यावा. उघडलेला पुडा सहसा परत घेतला जात नाही.

तरीही मापाचे डायपर न मिळाल्यास पुढील पर्याय विचारात घ्यावेत.

पहिला पर्याय सुटा शोषक पॅड आणि त्यावर जाळीची लवचीक विजार हा होय. पॅडला कंबरेचे माप नसते. त्यास जागेवर धरून ठेवण्याचे काम विजार करते आणि ती लहान मापातही मिळते. जाळीची विजार धुऊन पुन्हा वापरता येते. अतिकृश व्यक्तींसाठी हा पर्याय अनेकदा डायपरपेक्षाही सोयीचा ठरतो. जाळीची न मिळाल्यास अंगाला घट्ट बसणारी साधी सुती चड्डीही चालते.

दुसरा पर्याय मुलांसाठीच्या सर्वांत मोठ्या मापाच्या डायपरचा. ही डायपर साधारणतः 15 ते 25 किलो वजनाच्या मुलांसाठी बनविलेली असतात. फारच लहान अंगाच्या प्रौढास ती कंबरेला कशीबशी पुरतात. परंतु प्रौढ व्यक्तीच्या मूत्राशयात 300 ते 500 मिलिलिटर लघवी साठू शकते आणि ती एकदम सुटल्यास मुलांचे डायपर ओसंडते. म्हणून दिवसा, वारंवार पाहणे शक्य असतानाच याचा अवलंब करावा. रात्रीसाठी तो पुरेसा नाही.

एकावर एक दोन डायपर बांधण्याची युक्ती मात्र फसवी आहे. आतील डायपरच्या पाठीमागे प्लास्टिकचे अस्तर असल्याने लघवी बाहेरच्या डायपरपर्यंत पोहोचतच नाही. ती बाजूने गळते. अधिक शोषणाची गरज असल्यास अस्तर नसलेला, भरल्यावर द्रव खाली झिरपू देणारा जोडपॅडच आत ठेवावा.

बांधण्याची पद्धत

योग्य मापाचे डायपरही चुकीचे बांधल्यास गळते. चिकटपट्टीचे डायपर प्रथम लांबीच्या दिशेने दुमडून नावेसारखा आकार द्यावा, म्हणजे आतील कडा उभ्या राहतात. रुग्णास कुशीवर वळवून ते पुढून मागे सरकवावे आणि मागची बाजू कंबरेपर्यंत नीट पसरावी. आतील उभ्या कडा जांघेत बसल्या आहेत ना, हे बोटाने चाचपून पाहावे. पुरुष रुग्णाच्या बाबतीत शिश्न खालच्या दिशेने ठेवावे, अन्यथा लघवी पोटाकडून बाहेर येते. खालच्या पट्ट्या प्रथम, किंचित वरच्या दिशेने लावाव्यात. वरच्या पट्ट्या नंतर, किंचित खालच्या दिशेने लावाव्यात. कंबरेशी दोन बोटे सहज जातील इतकीच सैल जागा ठेवावी. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या पुढे एकमेकींवर चढत असतील तर माप मोठे आहे असे निश्चित समजावे.

जी व्यक्ती स्वतः उठून शौचालयात जाऊ शकते तिच्यासाठी विजारीसारखे डायपर अधिक सन्मानाचे ठरते. ते वरखाली करता येते आणि काढताना बाजूची शिवण फाडता येते. पूर्ण निजलेल्या रुग्णास चिकटपट्टीचे डायपर सोयीचे.

त्वचेची निगा

निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. ओलसर जागी जिवाणू लघवीतील युरियाचे अमोनियात रूपांतर करतात आणि त्वचेचे हे नैसर्गिक कवच दुबळे होते. वृद्धांची पातळ त्वचा याला लवकर बळी पडते. पावसाळ्यातील दमट हवेत हा त्रास वाढतो. म्हणून शौच झाल्यास डायपर तत्काळ बदलावे. केवळ लघवीसाठी साधारणतः चार ते सहा तासांनी, अथवा बाहेरील ओलाव्याची रेघ रंग बदलताच बदलावे. कोमट पाण्याने पुढून मागे पुसावे, तीव्र साबण टाळावा, त्वचा चोळू नये, टिपून कोरडी करावी. झिंक ऑक्साइडयुक्त मलमाचा पातळ थर द्यावा. जाड थर डायपरच्या वरच्या पदरास चिकटून शोषणास अडथळा करतो. पावडर घामात भिजून गोळे होते, म्हणून ती न वापरणे बरे. लालसर डाग दाबूनही फिकट होत नसेल तर तो शय्याव्रणाचा आरंभ असू शकतो. त्याची दखल त्याच दिवशी घ्यावी.

खर्च आणि विल्हेवाट

दिवसाला तीन डायपर धरली तरी महिन्याला नव्वद लागतात. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेच्या मासिक साहाय्यावर घर चालविणाऱ्या कुटुंबास हा भार लहान नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून डायपरवरील वस्तू व सेवा कर 12 टक्क्यांवरून 5 टक्के करण्यात आला, त्यामुळे थोडा दिलासा मिळाला. परंतु खरी बचत योग्य मापात आहे. गळणारे डायपर अर्धवट वापरून फेकले जाते आणि चादरी धुण्याचे श्रम व पाणी वेगळेच खर्ची पडते.

वापरलेले डायपर शौचकूपात टाकू नये, जाळू नये आणि उघड्यावर फेकू नये. मैला शौचकूपात टाकून, डायपर गुंडाळून, त्याच्याच पट्ट्यांनी बंद करून कागदात बांधावे. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी असे गुंडाळणे बंधनकारक केले होते. त्यांच्या जागी आलेल्या 2026 च्या नियमांत या कचऱ्यासाठी स्वतंत्र वर्ग करण्यात आला आहे. त्यामुळे तो ओल्या अथवा सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळा द्यावा.

डायपर हा उपचार नव्हे

डायपर हे सोयीचे साधन आहे, आजारावरील औषध नाही. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, तीव्र बद्धकोष्ठता, मधुमेह, पुरुषांतील प्रोस्टेट ग्रंथीची वाढ, प्रसूतीनंतर अथवा उतारवयात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल होणे, काही औषधांचा परिणाम, अशी अनेक कारणे ताबा सुटण्यामागे असतात आणि त्यांपैकी पुष्कळ कारणांवर इलाज होऊ शकतो. म्हणून ही तक्रार नव्याने सुरू झाल्यास प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. गळतीच्या धास्तीने पाणी पिणे कमी करणे हे तर सर्वथा अहितकारक. लघवी गढूळ व तीव्र होते, जंतुसंसर्ग बळावतो आणि मूळ त्रास वाढतो.

सैल डायपरमुळे कपडे खराब होतील या भीतीने अनेक वृद्ध स्त्रिया देवळात, लग्नकार्यात, शेजारी जाणे सोडतात. कारण कोणाला सांगत नाहीत आणि ‘आता बाहेर जावेसे वाटत नाही’ एवढेच म्हणतात. अशा घरात पुष्कळदा औषधाच्या आधी एक टेप आणि कागदावर लिहिलेले दोन आकडे यांची गरज असते. आपल्या माणसाचे माप संकोच न बाळगता घेणे आणि त्या मापाची वस्तू दुकानदाराकडे आग्रहाने मागणे, हीही शुश्रूषाच होय.