समुपदेशक कोणास म्हणावे?

घरात अडचण आली की वडीलधाऱ्यांनी चार शहाणपणाच्या गोष्टी सांगाव्या आणि धाकट्यांनी त्या ऐकाव्या, ही आपल्याकडची जुनी रीत. मग या कामासाठी निराळे पदव्युत्तर शिक्षण कशाला, असे श्रोत्यांपैकी पुष्कळांना वाटेल. शंका रास्त आहे.

तिचे उत्तर शब्दातच आहे. उपदेश करणारा आपले उत्तर दुसऱ्याला देतो. समुपदेशक त्याला स्वतःचे उत्तर सापडावे म्हणून साहाय्य करतो. कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४२ साली आपल्या ग्रंथात हाच विचार आग्रहाने मांडला.

समजा, आपल्या शिरवळच्या एखाद्या कारखान्यात रात्रपाळी करणारा तरुण 'झोप लागत नाही' म्हणून कोणाकडे गेला. 'मन घट्ट कर' एवढे ऐकून तो परत फिरला, तर कदाचित पुन्हा तोंड उघडणार नाही. शिकलेला समुपदेशक आधी ऐकून घेईल. हा पाळीचा त्रास, कर्जाची चिंता की आजार, हे पारखील. जीव नकोसा झाला आहे काय, हे न कचरता विचारील. गरज दिसताच डॉक्टरांकडे पाठवील. ऐकलेले गुपित सहसा फोडणार नाही. मात्र जिवाला धोका असेल तेथे ही मर्यादा कोठे संपते, हेही तो जाणतो. यांतले काहीही केवळ पुस्तकाने येत नाही. अनुभवी गुरूच्या देखरेखीखाली केलेल्या कामानेच येते.

म्हणूनच अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याने १९७६ साली समुपदेशकांना परवान्याचा कायदा केला. तेथील मान्यताप्राप्त पदव्युत्तर अभ्यासक्रमांत आधी १०० तासांचा सराव आणि पुढे ६०० तासांची उमेदवारी करावी लागते.

आपल्याकडे चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची पात्रता आधी ठरली. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेस वैधानिक अधिकार मिळाले व तिच्या नोंदवहीत नाव असणे आवश्यक झाले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातील व्याख्येतही, परिषदेची मान्य पात्रता नसल्यास, मानसशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांचा पूर्णवेळ, देखरेखीखालील प्रशिक्षणाचा एम. फिल. सांगितला आहे. नुसत्या 'समुपदेशक' या नावाला मात्र दीर्घकाळ असे कुंपण नव्हते. थोड्या दिवसांच्या वर्गानंतरही पाटी लावता येई. २०२१ च्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने मानसशास्त्रज्ञ व आरोग्य-समुपदेशक यांना प्रथमच अनुसूचीत घेतले आणि आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीस किमान ३,६०० तासांचे शिक्षण सांगितले. पण कायदा झाला म्हणजे गावोगावी शिकलेली माणसे उभी राहिली, असे नव्हे.

तोवर पारख आपणच करावयाची. पदवी कोणती? प्रत्यक्ष काम कोणाच्या देखरेखीखाली केले? आपल्या आवाक्याबाहेरचे दुखणे दिसल्यास कोठे पाठवता? हे तीन प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. खरा समुपदेशक त्यांनी रागावणार नाही. आणि संकट तातडीचे असेल, तर २०२२ पासून चालू झालेली 'टेली-मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे.

मोडलेले हाड आपण कोणाच्याही हाती देत नाही. मनही तसे देऊ नये, एवढेच आमचे सांगणे.