बदामाचं लाल पान वर्गात

शिशिरात देशी बदाम लाल होऊ लागतो. पहिली-दुसरीच्या मुलांना ऋतू शिकवायला परदेशी मेपलच्या चित्रांपेक्षा आवारातलं हे झाड कितीतरी चांगलं.

थंड देशांत पानं गळतात ती हिवाळा जवळ आल्यावर. आपल्याकडची पानगळ मुख्यतः पाणी वाचवण्यासाठी असते. कोरड्या महिन्यांत पानांतून वाफ होऊन जाणारं पाणी झाडाला परवडत नाही. गळण्याआधी पानातलं हरितद्रव्य मोडतं, बरंचसं नत्र फांदीत परत जातं, झाकलेला पिवळा रंग उघडा पडतो. बदामातला लाल रंग मात्र नव्यानं तयार होतो.

हिरव्यात झाकलेला हा पिवळा रंग मुलांना दिसलाच पाहिजे. बाईंनी हिरवं पान कुटून स्पिरिटमध्ये भिजवावं, त्यात गाळणकागदाच्या पट्टीचं टोक बुडवावं. हिरव्याच्या वर फिकट पिवळा पट्टा चढतो. स्पिरिट मुलांच्या हाती नको, विस्तवाजवळ तर नकोच.

चौकटीच्या वहीत पानाची कड गिरवून आतले चौकोन मोजले की गणित झालं. शिरांवर कागद ठेवून खडू घासला की चित्र. भाषेच्या तासाला घाई करू नये. चिवट, खरखरीत, कुरकुरीत हे शब्द मुलांकडूनच येऊ द्यावेत. उरलेली पानं जाळू नयेत, खड्ड्यात टाकावीत. पावसाळ्यानंतर तोच खड्डा उकरून मुलांना दाखवता येईल.