आगगाडीच्या जुन्या डब्यांचा जीर्णोद्धार

देवालय जीर्ण झालें म्हणजे गांवकरी मंडळी वर्गणी काढून त्याचा जीर्णोद्धार करितात. त्या वेळीं जाणता पाथरवट प्रथम कळसाकडे पाहत नाहीं. तो जोत्याकडे पाहतो. जोतें ढळलें असेल, तर कळसावर सोन्याचा पत्रा चढवून कांहीं उपयोग नाहीं, हें तो जाणतो. उलटपक्षीं, जोतें व भिंती शाबूत असतील, तर मोडक्या कळसापायीं संपूर्ण देवालय पाडण्याचा सल्लाही तो देत नाहीं. कोणतीही जुनी वस्तु नव्या काळाच्या बरोबरीस आणावयाची झाल्यास हाच विवेक लागतो. काय ठेवावें, काय बदलावें, आणि कोणत्या क्षणीं डागडुजी थांबवून नवें बांधावें? आपल्या आगगाडीच्या डब्यांचा इतिहास हा या विवेकाचा एक उत्तम पाठ आहे. आणि ज्या अर्थीं आपण सर्वच मुलांबाळांसह या डब्यांतून प्रवास करितों, त्या अर्थीं हा पाठ केवळ यंत्रशास्त्रज्ञांनींच शिकावा असें नाहीं.

ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास जी पहिली गाडी गेली, तिला १४ डबे होते. तेव्हांपासून पुढें जवळजवळ शंभर वर्षें आपल्याकडील बहुतेक डब्यांची रचना मुळांत एकाच तत्त्वावर होत असे. खालीं लोखंडी चौकट व चाकें, आणि तिच्यावर बसविलेलें घर. ही चौकट आणि हें घर निरनिराळ्या ठिकाणीं तयार होऊं शकत. पुणें-मुंबईकरांच्या जिव्हाळ्याची दख्खनची राणी ता. १ जून १९३० रोजीं सुरू झाली, तेव्हां तिच्या प्रत्येकीं ७ डब्यांच्या दोन संचांचे खालचे सांगाडे विलायतेंत घडविले होते, आणि वरचीं घरें माटुंग्याच्या कारखान्यांत आपल्या कारागिरांनीं बांधलीं होतीं. एक संच रुपेरी, तर दुसरा निळा, असा त्यांचा थाट होता.

या दुहेरी रचनेंत एक मोठें वैगुण्य होतें. सारें बळ खालच्या चौकटींत. वरचें घर तिच्यावर नुसतें ओझ्यासारखें बसलेलें. दोन गाड्यांची टक्कर झाली, किंवा पुढचा डबा एकाएकीं अडून मागच्यांनीं रेटा दिला, कीं एका डब्याची चौकट उचलली जाऊन शेजारच्या डब्याच्या चौकटीवर चढे आणि त्याचें घर चिरीत आंत घुसे. दुर्बिणीची एक नळी दुसरींत सरकावी, तसा एक डबा दुसऱ्यांत शिरे. आंत बसलेल्या उतारूंचें काय होत असेल, तें वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

स्वातंत्र्यानंतर या दोषावर उपाय म्हणून आपल्या रेल्वेनें स्वित्झर्लंडमधील श्लिरेन येथील एका कारखान्याशीं करार केला, आणि मद्रासनजीक पेरांबूर येथें डब्यांचा मोठा कारखाना उभारला. ता. २ ऑक्टोबर १९५५ रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. येथील डब्यांत चौकट वेगळी आणि घर वेगळें असा भेदच उरला नाहीं. तळ, भिंती व छत हीं सर्व पोलादाचीं, परस्परांशीं सांधून एकजीव केलेलीं, आणि भार सर्वांनीं मिळून वाहावयाचा! अंड्याचें कवच पातळ असूनही दाब सोसतें, तें याच न्यायानें. १९६६ सालीं दख्खनच्या राणीचे जुने डबे जाऊन त्यांच्या जागीं पेरांबूरचे पोलादी डबे आले, आणि संचांतील डब्यांची संख्या ७ वरून १२ झाली. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. जुन्या डब्यांस वरून पोलादी पत्रे ठोकून ही सुधारणा साधली नसती. दोष तत्त्वांतच होता, म्हणून तत्त्वच बदलावें लागलें.

परंतु सर्वच दोष असे मूलगामी नसतात. पेरांबूरच्या डब्यांत पुढील पन्नास-साठ वर्षांत ज्या सुधारणा झाल्या, त्यांपैकीं कित्येक मूळ सांगाडा कायम ठेवूनच झाल्या, आणि त्यांचें मोल अल्प नाहीं. पहिलें उदाहरण बाकांचें. दुसऱ्या वर्गाच्या उतारूस रात्रभर उघड्या लांकडी फळीवर अंग टाकावें लागे. १९७७ सालीं प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले, आणि त्यांच्या कारकीर्दींत या फळ्यांवर दोन इंच जाडीच्या मऊ गाद्या बसविण्यास प्रारंभ झाला. दोन इंच ही काय मोठी गोष्ट, असें कोणी म्हणेल. ज्यानें गुडघे दुखत असतां फळीवर रात्र काढली आहे, तो असें म्हणणार नाहीं. या सुधारणेचें खरें महत्त्व असें कीं, ती वरच्या वर्गापासून खालीं झिरपत आली नाहीं. ती थेट खालच्या वर्गासाठींच योजिली होती. दख्खनच्या राणीचीच गोष्ट पाहा. तींत तिसऱ्या वर्गाच्या उतारूस प्रवेश मिळाला तो जून १९५५ मध्यें. म्हणजे पहिलीं पंचवीस वर्षें सामान्य माणसानें ती फलाटावरूनच पाहावयाची!

दुसरें उदाहरण शौचकूपांचें. आपल्या गाड्यांतील मैला सरळ रुळांवर पडे. त्यायोगें स्टेशनांत दुर्गंधि सुटे, रूळ व त्यांचे खिळे गंजत. आणि सर्वांत लाजिरवाणी गोष्ट ही कीं, तो मैला आपल्यासारख्याच माणसांस हातांनीं साफ करावा लागे. ग्वाल्हेर येथील संरक्षणखात्याच्या प्रयोगशाळेच्या साह्यानें रेल्वेनें जैविक शौचकूप तयार केले. डब्याखालीं एक टांकी असते, आणि तींतील सूक्ष्म जंतु हवेवांचून मैल्याचें विघटन करून त्याचें पाणी व वायु यांत रूपांतर करितात. जानेवारी २०११ मध्यें बुंदेलखंड एक्स्प्रेसला ते प्रथम बसविण्यांत आले. पुढें दहा वर्षांच्या आंत अशा दोन लाखांहून अधिक टांक्या डब्यांखालीं लागल्या. डबा जुनाच राहिला, परंतु एक पिढ्यान्‌पिढ्यांचें पाप त्याच्या माथ्यावरून उतरलें.

तिसरें उदाहरण ब्रेकांचें. पूर्वीं निर्वाताच्या तत्त्वावरील ब्रेक असत. नळींतील हवा उपसून ब्रेक मोकळा ठेवावयाचा, आणि बाहेरची हवा आंत सोडून तो लावावयाचा. यांत दाबणारें बळ वातावरणाच्या दाबापलीकडे जाऊं शकत नाहीं. निसर्गानें घातलेली ती मर्यादाच आहे. दाबून भरलेल्या हवेच्या ब्रेकास ही मर्यादा नाहीं. त्याचा दाब कित्येक पट अधिक ठेवितां येतो. आणि गाडी लांब असली, तरी शेवटच्या डब्यापर्यंत ब्रेक लवकर लागतो. दख्खनच्या राणीस १९९५ सालीं अशा हवेच्या ब्रेकांचे नवे डबे मिळाले. जुन्या डब्यांसही असे ब्रेक बसवितां येतात, आणि मोठ्या प्रमाणावर ते बसविले गेलेही.

येथवर जीर्णोद्धाराचा पक्ष बलवत्तर दिसतो. आतां त्याच्या मर्यादेकडे वळूं. पेरांबूरचा डबा स्वतः मजबूत. परंतु दोन डब्यांमधील सांधा जुन्याच धाटणीचा होता. मध्यें फिरकीची सांखळी, आणि दोन्ही बाजूंस दोन वाटोळे बफर. हे बफर एकमेकांस टेकतात, धरून ठेवीत नाहींत. वेगांतली गाडी घसरली, कीं डबे एकमेकांपासून सुटतात, आडवे होतात आणि एकावर एक चढतात. ता. २० नोव्हेंबर २०१६ रोजीं पहाटे कानपूरजवळ पुखरायां येथें इंदूर-पाटणा एक्स्प्रेसच्या बाबतींत हेंच झालें. सुमारें दीडशें माणसें प्राणांस मुकलीं.

या संकटाची सूचना आधींच मिळालेली नव्हती, असें मात्र नाहीं. सुप्रसिद्ध अणुशास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालीं २०११ सालीं एक उच्चस्तरीय सुरक्षा समिति नेमली होती. फेब्रुवारी २०१२ मध्यें तिनें आपला अहवाल दिला. पेरांबूरच्या धाटणीचे डबे बांधणें बंद करून जर्मन धाटणीच्या डब्यांकडे वळावें, असें तिनें स्पष्ट सांगितलें; आणि एकंदर सुरक्षेच्या सुधारणांसाठीं पांच वर्षांत एक लाख कोटि रुपयांचा खर्च सुचविला. ही जर्मन धाटणी लिंके-हॉफमान-बुश या कंपनीची. तिच्या आद्याक्षरांवरून लोक या डब्यांस एल.एच.बी. म्हणतात. यांतील सांधा मध्यभागीं एकच असून, दोन हात गुंतवावे तसा तो शेजारच्या डब्यास घट्ट धरतो व एकमेकांवर चढूं देत नाहीं. ब्रेक चाकाच्या धांवेवर न घासतां आंसावरील तबकडीस पकडतो. अंग न गंजणाऱ्या पोलादाचें असतें. गाडी ताशी १६० किलोमीटर धांवूं शकते. जुन्या डब्यांस सामान्यतः ११० ची मर्यादा असे. लांबीही सुमारें २३.५ मीटर, म्हणजे जुन्यापेक्षां दोन मीटर अधिक. म्हणून शयनाच्या डब्यांत ७२ ऐवजीं ८० उतारू मावतात. अखेर जानेवारी २०१८ मध्यें पेरांबूर येथें जुन्या धाटणीचा शेवटचा डबा बांधून झाला. जून २०२२ मध्यें दख्खनची राणीही नव्या डब्यांनिशीं धांवूं लागली. मात्र तिच्या भोजनाच्या डब्याची परंपरा रेल्वेनें मोडली नाहीं, हें योग्यच झालें.

परंतु कारखान्यांत जुने डबे बांधणें बंद झालें, म्हणून रुळांवरील जुने डबे एका रात्रींत नाहींसे होत नाहींत. डब्याचें आयुष्य साधारणतः पंचवीस वर्षांचें धरितात. ठराविक मुदतीनें तो कारखान्यांत नेऊन उकलून तपासतात. आणि मध्यम वयाच्या डब्यांचा कायाकल्प करण्यासाठीं भोपाळ येथें तर स्वतंत्र कारखानाच आहे. तेथें गंजलेला तळ कापून नवा घालितात, तारा बदलतात, आंतील सजावट नव्यानें करितात. कित्येक जुन्या डब्यांस मधला नवा सांधाही बसविण्यांत आला. ऑक्टोबर २०१८ पासून रेल्वेनें 'उत्कृष्ट' नांवाची योजना हातीं घेतली. तींत मेल व एक्स्प्रेस गाड्यांचे ६४० जुने संच सुधारावयाचे ठरलें, आणि प्रत्येक संचास सुमारें ६० लक्ष रुपये मंजूर झाले. नवा रंग, चांगले दिवे, स्वच्छ शौचकूप अशा गोष्टी त्यांत होत्या.

माझ्या मतें खरा विवेक येथेंच लागतो. स्वच्छ शौचकूप आणि लख्ख दिवा यांचा मी अनादर करीत नाहीं. परंतु रंग हा कळस आहे आणि सांधा हें जोतें आहे. उतारूच्या डोळ्यांस रंग दिसतो, सांधा दिसत नाहीं. म्हणून लोकांची वाहवा रंगास मिळते, आणि सांध्याचा खर्च पुढें ढकलण्याचा मोह अधिकाऱ्यांस पडतो. दुसरें असें कीं, नवा संच प्रथम नांवाजलेल्या गाडीस मिळतो, आणि तिचा उतरलेला संच कमी मानाच्या गाडीकडे जातो. थोरल्याचा सदरा धाकट्यास द्यावा, ही आपल्या घरांतील जुनी रीत. सदऱ्याच्या बाबतींत ती शहाणपणाचीच आहे. परंतु येथें प्रश्न जिवाचा आहे, आणि आडगांवच्या स्टेशनावर संथ गाडीची वाट पाहणाऱ्या बाईचा जीव अतिशीघ्र गाडींतील व्यापाऱ्याच्या जिवाहून स्वस्त नाहीं. डबा ज्यास द्यावयाचा त्यास द्या. पण त्याचा सांधा व ब्रेक आधीं सुधारून द्या, रंग मागाहून लावा, एवढेंच मागणें आहे.

न्यायाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. नवा डबा म्हणजे सर्व दोषांवर रामबाण नव्हे. प्रथम प्रथम या डब्यांतील उतारू गाडी सुटतांना व थांबतांना बसणाऱ्या हिसक्यांविषयीं कुरकुरत. त्याकरितां सांध्यामागील दाब झेलणाऱ्या यंत्रांत पुढें फेरफार करावे लागले. आणि ता. २ जून २०२३ रोजीं बालासोरजवळ कोरोमंडल एक्स्प्रेसचे हे नवे डबेच सिग्नलांतील चुकीमुळें उभ्या मालगाडीवर आदळले. २९० हून अधिक माणसें मेलीं. जोतें भक्कम असूनही भूमि खचली, तर देवालय कोसळतेंच. डबा, रूळ, सिग्नल आणि मनुष्य या चौघांची सुधारणा बरोबरीनें झाली पाहिजे.

ज्या डब्यांचे दिवस खरोखर भरले, त्यांचाही उपयोग आपल्या रेल्वेनें युक्तीनें केला आहे. कांहींच्या खिडक्या बंद करून व टोकांस रुंद दारें करून त्यांतून मोटारी वाहून नेतात. २०२० सालच्या महामारींत पांच हजारांहून अधिक डबे रुग्णांसाठीं सज्ज केले होते. २०२१ सालीं मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसच्या आवारांत एका जुन्या डब्याचें उपाहारगृह झालें. सेवानिवृत्तीनंतर हलकें काम करून उपयोगीं पडावें, हा आदर्श त्या डब्यांपासून आम्हां माणसांनींही घेण्यासारखा आहे.

पुढील प्रवासास निघाल, तेव्हां मुलांना घेऊन फलाटावर दोन मिनिटें गाडीचें निरीक्षण करा. दोन डब्यांच्या मध्यें दोन वाटोळे बफर आहेत, कीं मध्यभागीं एकच भरभक्कम सांधा आहे, हें त्यांस ओळखूं द्या. डब्यावरील क्रमांकाचे पहिले दोन आंकडे सामान्यतः त्याच्या जन्मसालाचे असतात. त्यावरून डब्याचें वय काढण्यास सांगा. आंत गेल्यावर संकटसमयीं उघडावयाची तांबड्या खुणेची खिडकी कोठें आहे, तें दाखवा. इतकें ज्ञान असलेला उतारू नव्या रंगानें भुलणार नाहीं. आणि रेल्वेच्या सुधारणेची यादी प्रसिद्ध होईल, तेव्हां तींत रंगाच्या आधीं सांध्याचें नांव आहे कीं नाहीं, हें तो पाहील.