मूकपटाचा मुखत्यार

सियालदह स्थानकाबाहेर पडून बहुबाजारच्या रस्त्याने पश्चिमेस गेले, की लालबाजारापाशी वाद्यांची जुनी दुकाने लागतात. याच कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांच्या ‘द्वारकिन’ पेढीने अवजड पायपेटीची सुटसुटीत हातपेटी केली, आणि 1913 साली फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आल्यावर परदेशी पियानो-ऑर्गन करीत तेच काम मूकपटगृहांतून ही पेटी तबल्यासह करू लागली.

भात्यातील हवेने पितळी पत्ती कंप पावते. पत्तीची लांबी-जाडी स्वर ठरविते, तर हवेचा दाब वाढविला असता नाद वाढतो, स्वर मात्र फारसा ढळत नाही, आणि पियानोप्रमाणे तो विरूनही जात नाही. म्हणून वादळ उठवावे की विलाप लांबवावा, याची मुखत्यारी वादकाच्या भाता चालविणाऱ्या डाव्या हाताकडे असे. शिवाय प्रक्षेपक पुष्कळदा हातानेच फिरविला जाई, त्यामुळे सेकंदाला 16 चित्रांचा दंडक कागदावरच राही. अशा वेळी लिहून ठेवलेली स्वरलिपी बरहुकूम वाजविणार कशी? पडद्याकडे पाहत उत्स्फूर्त वाजविणे हाच दस्तुर.

अमेरिकेतील वुर्लिट्झरच्या चित्रगृह-ऑर्गनात घंटा अन् घोड्यांच्या टापासुद्धा कळांना जोडलेल्या असत. आमच्या पेटीवाल्यास असला सरंजाम कोठला? टापा त्याने खुशाल तबलजीवर सोपवाव्या.