शास्त्राचा अर्थ कोणी सांगावा? : मारबुर्गचा वाद

ग्रंथ प्रमाण मानला की धर्मगुरूंची सत्ता आपोआप संपते, असा एक समज आहे. युरोपातील सोळाव्या शतकाचा इतिहास पाहिला असता तो टिकत नाही. पवित्र शास्त्राचा अर्थ सांगण्याचा अधिकार कोणाचा, आणि पवित्र आत्म्याचे मार्गदर्शन खरोखर कोणास लाभले हे ओळखावे कसे, यावरून ख्रिस्ती धर्मात त्या काळी जे वाद झाले त्यांपैकी मारबुर्गचा वाद आम्हांस विशेष उद्बोधक वाटतो.

त्याची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. १५१९ मध्ये लाइपझिग येथे योहान एकशी वाद करताना मार्टिन लूथरने केवळ पोपच नव्हे, तर धर्मपरिषदाही चुकू शकतात असे मान्य केले. एकने त्याच्याकडून ते वदवून घेतले, असे म्हणणे अधिक योग्य. कारण कॉन्स्टन्सच्या परिषदेने दोषी ठरविल्यावर १४१५ मध्ये जाळण्यात आलेल्या यान हुसची काही मते ख्रिस्ती धर्माला धरूनच होती, हे लूथरला नाकारता येईना. शास्त्र आपला अर्थ आपणच स्पष्ट करते, अशी त्याची पुढे भूमिका झाली.

परंतु १५२१ च्या अखेरीस त्स्विकाऊहून तीन माणसे विटेनबर्गला आली. त्यांचा पुढारी निकोलस श्टोर्ख हा विणकर होता. ईश्वर आपल्याशी साक्षात बोलतो, असा त्यांचा दावा. लूथर त्या वेळी वार्टबुर्गच्या किल्ल्यात होता आणि ग्रीकचा गाढा पंडित मेलांक्थॉन त्यांना काय उत्तर द्यावे या विवंचनेत पडला. भाषापंडिताची ही अडचण आम्ही समजू शकतो; व्याकरणाने साक्षात्काराचे खंडन होत नाही. मार्च १५२२ मध्ये लूथर परतला. आत्मा बोलतो तो शास्त्रवचनातूनच, वचन सोडून नव्हे, असे त्याने या मंडळींविरुद्ध पुढेही ठासून मांडले.

पण एकाच वचनाचे दोन विद्वानांनी दोन अर्थ केले तर? हा प्रश्न ऑक्टोबर १५२९ मध्ये मारबुर्गच्या किल्ल्यात उभा राहिला. हेसचा अधिपती फिलिप याला सुधारणावादी प्रदेशांची राजकीय एकजूट हवी होती. म्हणून त्याने लूथर आणि झ्यूरिकचा झ्विंग्ली यांस समोरासमोर आणले. पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झाले. अडले ते शेवटच्या, प्रभुभोजनाविषयीच्या कलमातील एका मुद्द्यावर. अखेरच्या भोजनात भाकर देताना येशूने ती आपले शरीर असल्याचे सांगितले. लूथरच्या मते 'आहे' म्हणजे आहेच. ख्रिस्ताचे शरीर तेथे खरोखर असते. झ्विंग्लीच्या मते येथे 'आहे' म्हणजे 'दर्शविते'. येशूने स्वतःस द्राक्षवेल म्हटले, ते जसे कोणी शब्दशः घेत नाही तसेच हे. लूथरने ते वाक्य आधीच खडूने मेजावर लिहून वर कापड पसरले होते. वाद रंगात आल्यावर त्याने कापड दूर करून अक्षरांकडे बोट दाखविले.

येथे एक गोष्ट सांगितल्याखेरीज राहवत नाही. येशूची बोली अरामी. तीत अशा वाक्यास क्रियापद लागतेच असे नाही. पालीच्या अभ्यासकांस अशी वाक्ये पदोपदी भेटतात. ज्या 'आहे'वरून दोन पक्ष तुटले ते ग्रीक ग्रंथातले. मूळ उच्चारात ते बहुधा नसावेच.

दोघेही शास्त्रच प्रमाण मानणारे, दोघेही ग्रीक जाणणारे. तरीही लूथरने झ्विंग्लीपक्षास बंधू म्हणून हात देण्याचे नाकारले, आणि कारण दिले ते असे की त्यांचा आत्मा आपल्याहून निराळा आहे. म्हणजे जो निकष त्स्विकाऊच्या विणकराकडून त्याने मान्य केला नव्हता, त्याच निकषाकडे तो स्वतः वळला.

झ्विंग्लीचीही बाजू निष्कलंक नव्हती. बालकांच्या बाप्तिस्म्याला शास्त्रात आधार दाखवा, असे म्हणणारा फेलिक्स मांत्स हा त्याचा एके काळचा सहकारी. झ्यूरिकच्या नगरसभेच्या आज्ञेने जानेवारी १५२७ मध्ये त्याला लिम्मट नदीत बुडवून मारण्यात आले. पोपचा अधिकार झुगारला तेथे अर्थनिर्णयाचा अधिकार असा नगरसभेकडे किंवा राजाकडे गेला.

रोमच्या पक्षाने ८ एप्रिल १५४६ रोजी ट्रेंटच्या परिषदेत ठरविले की, धर्मसंस्थेने मानलेल्या अर्थाविरुद्ध कोणीही स्वतःच्या बुद्धीने शास्त्राचा अर्थ लावू नये. मारबुर्गनंतर हे उत्तर अनेकांस पटले असल्यास नवल नाही. तथापि परिषदच चुकली तर काय, ही लाइपझिगची शंका त्याने मिटत नाही, असे आमचे मत आहे.

लूथर आणि झ्विंग्ली यांच्या परंपरेतील युरोपीय चर्चेसनी परस्परांस प्रभुभोजनात सहभागी करून घेण्याचा करार लॉयेनबर्ग येथे केला तो १९७३ मध्ये, मारबुर्गनंतर ४४४ वर्षांनी.