वनकपोताची शेतजमिनीवरील पारध

वनकपोताची शेतजमिनीवरील पारध : शरद ऋतूत, म्हणजे यूरोपात ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत, शेतांत चरावयास उतरणाऱ्या वनकपोतांचा माग काढून छऱ्यांच्या बंदुकीने केली जाणारी त्यांची पारध. ती मुख्यत्वे ब्रिटनमध्ये रूढ आहे. तेथे वनकपोत हा पिकांचा उपद्रवी पक्षी मानला जातो आणि त्याचे मांस खाण्यासाठी विकलेही जाते. या पारधीत नेमबाजीपेक्षा शोधाला अधिक महत्त्व आहे. वनकपोत खाद्य असेल तेथे जमतात व ते संपताच दुसरीकडे जातात. त्यामुळे काल गजबजलेले शेत आज ओस पडलेले आढळते. पक्षी कोणत्या शेतात उतरतात, कोठून येतात आणि तेथे ते पिकाचे नुकसान करतात की केवळ सांडलेले दाणे वेचतात, हे समजल्यावाचून पारध साधत नाही व तिचे समर्थनही करता येत नाही.

पक्ष्याचे स्वरूप : वनकपोत (इंग्रजी नाव वुड पिजन) हा कोलंबिडी पक्षिकुलातील पक्षी असून त्याचे शास्त्रीय नाव कोलंबा पालंबस आहे. आपल्याकडील पारव्यापेक्षा तो मोठा असतो. त्याची लांबी सु. ४० सेंमी., पसरलेल्या पंखांची रुंदी सु. ७५ सेंमी. आणि वजन सु. ५०० ग्रॅ. असते. रंग राखी, छाती गुलाबीसर व शेपटीचे टोक काळसर असते. प्रौढ पक्ष्याच्या मानेच्या दोन्ही बाजूंस पांढरा ठिपका असतो. पिलांत तो नसतो. उडताना पंखांवरील पांढरे आडवे पट्टे दुरूनही दिसतात व ओळख पटविण्यास तेच सर्वांत उपयोगी पडतात. झाडावर काटक्यांचे विरळ घरटे करून मादी दोन पांढरी अंडी घालते. ती सु. १७ दिवसांनी फुटतात. पिलांना प्रारंभी नर व मादी आपल्या अन्नपुटात तयार होणारे कपोतदुग्ध पाजतात. विणीचा हंगाम दीर्घ असून धान्य पिकण्याच्या सुमारास, ऑगस्ट-सप्टेंबरात, तिला भर येतो. म्हणून शरद ऋतूत या पक्ष्यांची संख्या वर्षातील सर्वांत मोठी असते आणि तीत नवख्या पक्ष्यांचे प्रमाण लक्षणीय असते.

खाद्य व ऋतुमान : शोधाचा पाया खाद्याच्या वेळापत्रकात आहे. इंग्लंडमध्ये हिवाळी बार्ली व तेलबी रेप (मोहरीच्या कुलातील एक पीक) यांची कापणी जुलैच्या मध्यापासून, तर गव्हाची प्रामुख्याने ऑगस्टमध्ये होते. कापणीपूर्वी वाऱ्यापावसाने लोळलेल्या पिकावर वनकपोत प्रथम उतरतात, कारण उभ्या ताटांवर त्यांना बसता येत नाही. लोळलेल्या जागी मात्र कणसे चोचीच्या टप्प्यात येतात. कापणीनंतर धसकटांच्या शेतात सांडलेले दाणे हे त्यांचे मुख्य अन्न होते. पूर्वी अशी शेते हिवाळाभर पडीक राहत. हिवाळी पिकांची पेरणी वाढल्यापासून ती लवकर नांगरली जातात व हा साठा काही आठवड्यांतच मातीखाली जातो.

सप्टेंबर-ऑक्टोबरात गव्हाचा पेरा सुरू होताच पक्षी ताज्या पेरलेल्या शेतांत येतात. वनकपोत पायांनी जमीन उकरीत नाही. तो पृष्ठभागावरील किंवा जेमतेम झाकलेले दाणेच उचलतो. म्हणून नीट झाकलेल्या पेऱ्याला त्याचा त्रास कमी होतो. पेरणीयंत्र वळविताना शेताच्या कडेला दाणे उघडे राहतात, तेथे तो हमखास आढळतो. ऑक्टोबरात ओक व बीच या वृक्षांची फळे गळू लागतात. ज्या वर्षी ती भरपूर येतात, त्या वर्षी थवे शेते सोडून रानात शिरतात. शेते रिकामी दिसली, तरी पक्षी प्रदेश सोडून गेले असे त्यावरून ठरत नाही. आयव्ही वेलीची फळेही ते खातात. रानातील फळे सरली, की नोव्हेंबरात ते क्लोव्हरच्या व रेपच्या कोवळ्या पानांकडे वळतात. अशा रीतीने दाण्यापासून फळाकडे व फळापासून पानाकडे असा त्यांच्या आहाराचा क्रम असतो आणि शोधणाऱ्याला तो जिल्ह्यातील पिकांच्या क्रमाशी जुळवून पाहावा लागतो.

शोधाची पद्धती : पारधीच्या आदल्या दिवशी वा त्याहीपूर्वी टेहळणी केली जाते. शेतकऱ्याची अनुमती ही पहिली गरज असते. पेरणी कोठे झाली, पीक कोठे लोळले आणि पक्षी कोणत्या वेळी येतात, ही माहितीही बहुधा त्याच्याकडूनच मिळते. त्यानंतर उंचवट्यावरून किंवा रस्त्याच्या कडेने द्विनेत्री दुर्बिणीतून शेते न्याहाळतात. जमिनीवर चरणारे राखी पक्षी ढेकळांत सहज दिसत नाहीत. म्हणून उडणाऱ्या पक्ष्यांवर आधी लक्ष ठेवतात व ते कोठे खाली उतरतात ते पाहतात. एकदोन पक्षी ओझरते दिसणे पुरेसे नसते. निदान अर्धा तास एका जागी थांबल्यासच ये-जा नियमित आहे की नाही ते कळते.

रातथाऱ्याच्या रानातून चरण्याच्या शेताकडे जाताना वनकपोत सहसा ठराविक उड्डाणमार्ग धरतात. कुंपणाची झुडपे, झाडांच्या रांगा, ओढे, दऱ्या व रानांमधील खिंडारे यांच्या अनुरोधाने हे मार्ग जातात. वाऱ्याची दिशा बदलल्यास तेही थोडे सरकतात. शेतालगतच्या एखाद्या निष्पर्ण किंवा उंच झाडावर पक्षी आधी बसतात, खाली पाहतात आणि मगच उतरतात. अशा झाडाखाली विष्ठा व पिसे साचलेली असतात. शेतात फिरून पाहिल्यास विष्ठेवरून, खुडलेल्या पानांवरून व फोडलेल्या कणसांवरून चरण्याची नेमकी जागा ओळखता येते. मारलेल्या पक्ष्याचे अन्नपुट उघडून पाहणे हा सर्वांत खात्रीचा पुरावा होय. गव्हाच्या शेतावर मारलेल्या पक्ष्याच्या अन्नपुटात ओकची फळे निघाली, तर तो तेथे चरत नसून केवळ वरून जात होता, असा निष्कर्ष निघतो.

दिवसाची वेळही महत्त्वाची असते. ऋतूच्या प्रारंभी दिवस मोठे असल्याने पक्षी सकाळी व पुन्हा दुपारनंतर चरतात आणि मधल्या वेळी झाडांवर विसावतात. म्हणून दुपारी पाहिलेले रिकामे शेत फसवे असू शकते. नोव्हेंबरात दिवस आखूड होतात व पानांतून पोषण कमी मिळते, तेव्हा चरणे जवळजवळ अखंड चालते आणि सायंकाळी अन्नपुट भरून घेऊन पक्षी रातथाऱ्याला जातात. मध्यम वारा पारधीस अनुकूल असतो, कारण पक्षी वाऱ्यास तोंड करून उतरतात व त्यांची दिशा आधी ताडता येते. निवांत, धुकट दिवशी हालचाल मंदावते.

लपण व बनावट पक्षी : शेत निश्चित झाल्यावर उड्डाणमार्गाखाली, बहुधा कुंपणाच्या झुडपांलगत, काठ्यांवर जाळी टाकून लपण तयार करतात. शेतातील थव्यावर गोळी झाडण्याऐवजी त्याला हलकेच उठवून देतात. असे पक्षी पुढे एकएकटे वा लहान गटांनी परततात. घाबरून उडालेला थवा मात्र दुसरे शेत पाहतो. लपणापुढे सु. २० ते २५ मी. अंतरावर बनावट किंवा मारलेले पक्षी मांडतात. त्यांची तोंडे साधारणतः वाऱ्याकडे ठेवतात व घोड्याच्या नालासारख्या मांडणीत मधली जागा मोकळी सोडतात. चरणारे सोबती पाहून येणारे पक्षी त्या मोकळ्या जागेकडे झुकतात. वनकपोताची दृष्टी तीक्ष्ण व विस्तृत असल्यामुळे चेहऱ्याची वा हातांची हालचाल त्याला चटकन कळते. जागा चुकली असेल, तर बनावट पक्ष्यांची संख्या वाढवूनही विशेष लाभ होत नाही. सु. ३५ मी. पलीकडे बार केल्यास पक्षी जायबंदी होऊन निसटण्याचा धोका वाढतो. म्हणून जाणकार दूरचे बार टाळतात आणि पडलेला प्रत्येक पक्षी शोधून उचलतात. या कामी शिकवलेला कुत्रा उपयोगी पडतो.

ओळखीतील चूक गंभीर ठरते. स्टॉक डव्ह (कोलंबा ईनस) हा जवळचा पक्षी वनकपोतांच्या थव्यांत मिसळून चरतो. तो आकाराने लहान असून त्याच्या मानेवर व पंखांवर पांढरी खूण नसते. ब्रिटनमध्ये त्याला कायद्याचे संरक्षण आहे. शर्यतीची पाळीव कबुतरेही शेतांवरून उडत असतात.

पिरेनीजमधील पद्धती : ब्रिटनमधील बहुतेक वनकपोत वर्षभर तेथेच राहतात. उत्तर व पूर्व यूरोपातील थवे मात्र ऑक्टोबरच्या सुमारास नैर्ऋत्येस आयबेरियन द्वीपकल्पाकडे स्थलांतर करतात व पिरेनीज पर्वताच्या खिंडी ओलांडतात. नैर्ऋत्य फ्रान्समध्ये त्यांच्यासाठी झाडांवर उंच खोपटी बांधतात. स्पेनच्या नाव्हारा प्रांतातील एचालार येथील खिंडीत थवे जवळ येताच पांढऱ्या लाकडी फळ्या हवेत फेकतात. त्यांना शिकारी पक्षी समजून थवे खाली झेपावतात व उभ्या जाळ्यांत सापडतात. तेथे पक्ष्यांचा मार्ग पर्वताने ठरविलेला असल्याने माणूस एका जागी थांबून वाट पाहतो. ब्रिटिश शेतजमिनीवर मात्र जागा खाद्यानुसार बदलते व तिचा शोध दर आठवड्याला नव्याने घ्यावा लागतो.

पारध व पक्ष्यांची संख्या : पारधीमुळे वनकपोत कमी होतात का, या प्रश्नाचा अभ्यास आर. के. मर्टन व त्यांचे सहकारी यांनी केंब्रिजशर परगण्यातील कार्लटन येथे १९५० नंतरच्या काळात सुरू केला. मर्टन यांचा या पक्ष्यावरील ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला व पारधीच्या परिणामांविषयीचा शोधनिबंध १९७४ मध्ये. हिवाळ्यात किती पक्षी जगतात हे मुख्यतः क्लोव्हरच्या उपलब्धतेवर अवलंबून असते आणि हिवाळ्यात मारले जाणारे पुष्कळसे पक्षी एरवीही उपासमारीने मेले असते, असे त्यांना आढळले. त्यापूर्वी काडतुसांच्या खर्चाचा काही भाग शासन सोशीत असे. ते साहाय्य पुढे बंद झाले. १९७० नंतर रेपची लागवड वाढली व हिवाळ्यातील अन्नटंचाई दूर झाल्याने वनकपोतांची संख्या वाढत गेली. ब्रिटनमध्ये त्यांच्या विणीच्या सु. ५० लाख जोड्या असल्याचा अंदाज आहे. यावरून पारधीचे व्यावहारिक प्रयोजन मर्यादित ठरते. एकूण संख्या घटविणे तिला साधत नाही. विशिष्ट शेतावरील पक्षी नुकसानीच्या काळात हुसकून लावणे व काही मारणे एवढेच साधते. धसकटांतील सांडलेले दाणे शेतकऱ्याच्या उपयोगाचे नसतात. लोळलेला गहू, उघडा पेरा व रेपची रोपे यांचे नुकसान मात्र खरे असते. म्हणून योग्य शेत शोधणे हाच पारधीच्या उपयुक्ततेचा कस होय.

कायदा : १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर अधिनियमाने ब्रिटनमध्ये वन्य पक्ष्यांना सर्वसाधारण संरक्षण दिले आहे. वनकपोत मारण्यासाठी शासकीय सर्वसाधारण परवाना असून इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स यांचे परवाने वेगळे आहेत. इंग्लंडमधील पूर्वीचे परवाने न्यायालयीन आव्हानानंतर एप्रिल २०१९ मध्ये रद्द करण्यात आले व त्यांच्या जागी नवे काढले गेले. पिकांचे गंभीर नुकसान टाळण्यासाठी दिलेल्या परवान्याखाली केवळ करमणुकीसाठी पक्षी मारता येत नाहीत. बुजगावणी, आवाज यांसारख्या अन्य उपायांचाही वापर करणे अपेक्षित असते. म्हणून कोणत्या शेतात, कोणत्या पिकावर व किती पक्षी आढळले याची टिपणे ठेवणे पारध्याच्या हिताचे असते.

भारतातील जाती : वनकपोताचा एक पूर्वेकडील प्रकार हिवाळ्यात वायव्य भारतात आढळतो. महाराष्ट्राच्या सह्याद्रीत त्याच प्रजातीतील निलगिरी वनकपोत (कोलंबा एल्फिन्स्टोनाय) राहतो. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर मौंटस्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन यांच्यावरून त्याचे शास्त्रीय नाव पडले आहे. तो सदाहरित रानात राहणारा व मुख्यतः फळे खाणारा पक्षी असल्याने शेतीला उपद्रव देत नाही. त्याची संख्या मर्यादित असून त्याच्या अस्तित्वाला धोका असल्याचे मानले जाते. भारतात वन्य पक्ष्यांना १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमाने संरक्षण दिले असल्यामुळे ब्रिटनमधील प्रथेसारखी पारध येथे करता येत नाही.