वहीतला २५२ चा आकडा

मागच्या वर्षी पहिल्या सत्राची परीक्षा तोंडावर आली असताना आमच्या नववीच्या वर्गात एका मुलाच्या बाकाखाली एक चाळीस पानी वही सापडली. वहीत धडा नव्हता, गणित नव्हते. पानामागून पान नुसते आकडे: २५२, २५२, ४. खाली रेघ, पुन्हा २५२, ४, २५२. बाजूला उर्दूत एकेक अक्षर लिहिलेले, काही आकड्यांवर काट मारलेली.

भिवंडीत राहणाऱ्या माणसाला असे आकडे दिसले की मनात एकच शब्द येतो. आमच्याही मनात तोच आला. भरल्या वर्गात आम्ही त्या मुलाला उभे केले आणि विचारले, "आकडा लावतोस?" वर्ग हसला. तो मान खाली घालून एवढेच म्हणाला, "नाही सर." आम्ही वही कपाटात ठेवली आणि उद्या अब्बांना घेऊन ये असे सांगितले.

दुसऱ्या दिवशी अब्बा आले नाहीत, मुलगाही आला नाही. चार दिवस बाक रिकामा होता.

पाचव्या दिवशी सकाळी त्याचे वडील आले. रात्रपाळी करून सरळ कारखान्यातूनच आले होते, केसांत अजून रुई होती. शांतपणे म्हणाले, "मास्टर साहब, लड़का क्या खेलता है मेरे को नहीं मालूम. मगर उसके पास पैसा होताच नहीं, लगाएगा कहाँ से?" आमच्याकडे उत्तर नव्हते. मुलगा कुठे आहे असे विचारले, तर कळले की तो कारखान्यात कांड्या भरायला बसतो आहे. शाळेत तोंड दाखवणार नाही म्हणतो.

एका शब्दाने एक मूल शाळेबाहेर जाऊ शकते, हे वीस वर्षे शिकवूनही आमच्या ध्यानात राहिले नव्हते. आम्ही वडिलांना विनंती केली की त्याला पाठवा, आम्ही रागावणार नाही. उलट त्या वहीत काय आहे ते त्याने आम्हाला शिकवावे. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तो आला. तासभर त्याने जे सांगितले, ते प्रत्येक आई-वडिलांनी एकदा ऐकावे असे आम्हाला वाटते, म्हणून हा लेख.

सहा जणांचा संघ

ती वही पोकेमॉनची होती. 'पॉकेट मॉन्स्टर' या दोन शब्दांचे हे जपानी पद्धतीचे लघुरूप. सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे पकडून जमवण्याचा छंद होता, त्यातून त्यांना हा खेळ सुचला. २७ फेब्रुवारी १९९६ रोजी तो जपानमध्ये प्रथम विक्रीला आला तेव्हा त्यात १५१ प्राणी होते, आज ते हजारावर गेले आहेत. आपल्याकडची मुले त्यांना टीव्हीवरच्या हिंदी कार्टूनमुळे ओळखतात. पण कार्टून पाहणे वेगळे आणि स्पर्धेसाठी संघ बांधणे वेगळे.

आमचा हा विद्यार्थी अम्मीच्या मोबाइलवर 'पोकेमॉन शोडाउन' नावाच्या संकेतस्थळावर खेळतो. तिथे प्राणी पकडत फिरावे लागत नाही, काही विकतही घ्यावे लागत नाही. हवे ते सहा निवडायचे, संघ बांधायचा आणि जगातल्या कोणाशीही सामना करायचा.

संघ बांधण्याची पहिली पायरी म्हणजे जाती ओळखणे. पाणी आगीला विझवते, आग गवताला जाळते, गवत पाणी शोषते, इथपर्यंत लहान मुलालाही कळते. पण अशा एकूण १८ जाती आहेत. प्रत्येकीचा वार प्रत्येकीवर कसा चालतो याचा तक्ता केला तर ३२४ घरे होतात. कुठे वार दुप्पट लागतो, कुठे निम्मा, कुठे लागतच नाही; विजेचा वार जमिनीच्या प्राण्यावर शून्य. एका प्राण्याच्या दोन जाती असू शकतात, मग दुबळेपणाचा गुणाकार होतो. गायरडॉस हा भला थोरला जलचर पाणी आणि उड्डाण अशा दोन जातींचा, म्हणून वीज त्याला चौपट लागते. हा सगळा तक्ता त्या मुलाला तोंडपाठ होता. आम्ही मधूनच विचारत होतो, एकदाही चुकला नाही.

दुसरी पायरी म्हणजे वहीतला तो आकडा. प्रत्येक प्राण्याचे सहा गुण: जीव, हल्ला, बचाव, विशेष हल्ला, विशेष बचाव आणि वेग. या सहांत मेहनतीचे ५१० अंक वाटायचे असतात, पण एका गुणाला २५२ पेक्षा जास्त देता येत नाहीत आणि ४ च्या पटीबाहेरचे अंक कामाला येत नाहीत. दोन गुणांना २५२ दिले की ५०४ संपले. उरले ६, त्यातले ४ उपयोगाचे, २ वाया. हेच आमचे 'मटक्याचे' २५२, २५२, ४! सगळ्यांना सगळे देता येत नाही. वेग वाढवला तर जीव कमी राहतो, बचाव वाढवला तर हल्ला बोथट होतो. काट मारलेल्या ओळी म्हणजे हरल्यानंतर त्याने केलेल्या दुरुस्त्या होत्या.

तिसरी पायरी जोडीची. जागतिक स्पर्धेत प्रत्येकाचे दोन-दोन प्राणी एकाच वेळी मैदानात असतात. खेळाडू सहा जणांचा संघ आणतो. दोघे एकमेकांचे संघ पाहतात आणि मग सहांतून चार निवडतात. सहांतून चार निवडण्याचे १५ प्रकार, त्या चारांतून पहिले दोन उतरवण्याचे ६, म्हणजे सामना सुरू होण्याआधीच ९० वाटा. शिवाय जोडीत खेळताना आपला वार आपल्याच सोबत्याला लागू शकतो. 'भूकंप' हा वार मैदानातल्या सगळ्यांना हादरवतो, सोबत्यालाही. तो करायचा असेल तर शेजारी उडणारा प्राणी हवा, त्याला जमीन हलल्याने काही होत नाही. आपल्या जोरदार वाराने घरच्याच माणसाला इजा होऊ नये हा विचार आधी करावा लागतो. त्या मुलासमोर बसून हे ऐकताना आम्हाला आमचा वर्गातला प्रश्न आठवला.

छोट्या खारीची गोष्ट

आम्ही त्याला विचारले, "मग सहा सगळ्यात ताकदवान घ्यायचे, झाले!" तो हसला. म्हणाला, "सर, सगळे नवीन मुले तेच करतात आणि हरतात." मग त्याने २०१४ ची गोष्ट सांगितली.

त्या वर्षी अमेरिकेत वॉशिंग्टन येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. दक्षिण कोरियाचे से-जून पार्क यांच्या संघात पाचिरिसू नावाची एक पिटुकली विजेची खार होती. कमजोर म्हणून तिला स्पर्धेत कोणी घेत नसे. पार्क यांनी मात्र तिला मारण्यासाठी घेतलेच नव्हते. तिचे काम सोबत्यावरचे वार स्वतःवर ओढून घेणे. गायरडॉसला वीज चौपट लागते हे आपण वर पाहिले. या खारीला विजेचा वार लागला की इजा होण्याऐवजी तिचा जीव भरून येतो. म्हणजे ज्या वाराने गायरडॉस मेला असता तोच वार खार पचवी आणि गायरडॉस मोकळा लढे. पार्क जगज्जेते झाले आणि सगळ्यांच्या तोंडी नाव राहिले ते खारीचे.

भिवंडीकराला ही गोष्ट समजायला वेळ लागू नये. कापड विणतो तो कारीगर डोळ्यांना दिसतो. पण बीम भरणारा, तार जोडणारा, माग दुरुस्त करणारा जॉबर आणि सगळ्यात कमी मजुरीचा कांडी भरणारा, यांतला एक जरी नसला तरी माग उभा राहतो. धोट्यात कांडी नसेल तर सर्वात हुशार कारीगरही हात बांधून बसतो. घरातही तसेच आहे, वर्गातही. पहिल्या पाचांत येणाऱ्या मुलांवरच शाळा चालते असे मानणारे आम्ही शिक्षक त्या संध्याकाळी थोडे वरमलो.

जुगार, वेळ आणि जीभ

म्हणून सगळे काही छानच आहे असे आम्ही म्हणत नाही. वाचक बंधू-भगिनींच्या मनातला प्रश्न आम्हाला ठाऊक आहे: हे जायज आहे का?

हा प्रश्न नवा नाही. सौदी अरबच्या उलमांनी २००१ मध्येच पोकेमॉनविरुद्ध फतवा दिला होता, त्यातला एक मोठा आक्षेप जुगाराचा होता. त्याही आधी शेकडो वर्षे बुद्धिबळावर हीच चर्चा झाली. आपल्या भिवंडीत मोमिन घराणी हनफी आणि कोकणी घराणी शाफई. बुद्धिबळाबाबत हनफी फिक्हची भूमिका कडक राहिली. शाफई उलमांनी तो खेळ नापसंतच ठेवला, पण अटींवर काही सवलत दिली: त्यात पैज नसावी, नमाज चुकू नये, तोंडून अपशब्द निघू नये. आम्ही मुफ्ती नाही, मसला आपापल्या आलिमांना विचारावा. पण या तीन अटी पालकांनी हातात धरण्याजोग्या आहेत असे आम्हाला वाटते.

पहिली पैशाची. सूरह माइदामध्ये जुगाराला शराबच्या सोबतीने हराम ठरवले आहे, तिथे वादाला जागाच नाही. आपल्या देशातही ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला त्यापासून वेगळे मानून मान्यता दिली. पण जुगार नसला तरी अनेक मोबाइल खेळांत आतल्या आत वस्तू विकल्या जातात आणि अब्बांचे खाते फोनला जोडलेले असते. तेव्हा नियम सरळ ठेवावा: ज्यात पैसा लागतो तो खेळ विचारल्याशिवाय नाही.

दुसरी वेळेची. 'आणखी एकच सामना' हे हरलेल्या मुलाचे पालुपद असते. हरून चिडलेला मुलगा लगेच पुन्हा खेळला की पुन्हा हरतो, हे त्या मुलाने स्वतःच कबूल केले. त्यापेक्षा हरलेला सामना पुन्हा पाहावा. शोडाउनवर तो जतन करता येतो. आपण कुठे चुकलो ते वहीत लिहावे आणि फोन ठेवून द्यावा. अजान झाली की सामना अर्धा सोडावा लागला तरी चालेल. गुण जातील, ते उद्या परत मिळतील.

तिसरी जिभेची. अशा खेळांत अनोळखी माणसांशी गप्पांची चौकट असते. तिथे शिव्याही असतात आणि गोड बोलून नाव-पत्ता विचारणारेही असतात. मुलांनी खरे नाव, शाळा, फोटो देऊ नये, हे एकदा नव्हे, वारंवार सांगावे.

चौथी गोष्ट भिवंडीपुरती आमची स्वतःची. 'पोकेमॉन गो' हा रस्त्यावर फिरून प्राणी पकडण्याचा खेळ डिसेंबर २०१६ मध्ये भारतात आला. अंजूरफाटा असो की वंजारपट्टी नाका, गोदामांचे कंटेनर दिवसरात्र धावत असतात. तिथे मोबाइलमध्ये डोके घालून चालणाऱ्या मुलाला आधी रस्त्याच्या कडेला उभे करावे, बाकीचे नंतर बोलावे.

आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे मुलाशेजारी एकदा बसावे आणि विचारावे, "तुझ्या संघात कोण कोण आहे? याला का घेतलेस?" जो मुलगा 'का' याचे उत्तर देतो तो विचार करून खेळतो आहे. ज्याला उत्तर देता येत नाही, तो फक्त बोटे चालवतो आहे. त्याचा फोन खुशाल काढून घ्यावा.

वही परत

दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात आम्ही त्याला पुन्हा उभे केले. या वेळी आम्हीही उभेच होतो. सूरह हुजुरातमध्ये बदगुमानीपासून दूर राहण्याची ताकीद आहे. ती आम्हाला पाठ होती, पाळली मात्र नव्हती, हे मुलांसमोर सांगितले. "मी तुझ्यावर खोटा इल्जाम लावला, मला माफ कर," असे म्हणून वही त्याच्या हातात दिली. या वेळी वर्ग हसला नाही. मधल्या सुट्टीत मात्र त्याच्या बाकाभोवती पाच-सहा मुले वहीत डोके घालून बसलेली दिसली.

यानंतर तो गणितात पहिला आला असे लिहायला आम्हाला आवडले असते. तसे झाले नाही. परीक्षेत तो बेताबातानेच पास झाला. इंग्रजी अजून कच्चे आहे. खेळ आता घरी ठरल्याप्रमाणे इशाच्या नमाजीनंतर अर्धा तास, अम्मीच्या समोर. पण तो रोज शाळेत येतो आणि कांड्या भरायला जात नाही.

त्याच्या अब्बांची मध्यंतरी बाजारात गाठ पडली. सलाम-दुआ झाली. हसून म्हणाले, "मास्टर साहब, मेरे को भी सिखाता है. बोलता है, अब्बा, पहले सामनेवाले का देखो, फिर अपना चलो."

आम्हीही आता वर्गात तेवढे करतो. आधी समोरच्याचे पाहतो, मग बोलतो.